झोप आणि पेंग
(पालक मेळाव्यातील भाषण)



अभ्यासाविषयी दोन शब्द बोलावेत अशी मला सूचना होती. मी झोपेविषयी बोलणार आहे. मागच्या रांगेतले विद्यार्थी हसले. पण विषय अभ्यासाचाच आहे.

मी मराठी शिकवतो. माणूस जागा असतो आणि मग झोपतो, या दोहोंच्या मधल्या अवस्थेला मराठीत कितीतरी शब्द आहेत. जागरणाने किंवा श्रमाने येते ती 'पेंग'. बसल्या जागी मान कलू लागते. त्यातच क्षणभर झोप लागली तर ती 'डुलकी'. डोळ्यांवर येते ती 'झापड'. पोटभर जेवणानंतर अंगात येते ती 'सुस्ती', आणि औषधाने किंवा तापाने येते ती 'गुंगी'. 'तंद्री' मात्र वेगळी. ती लागलेला माणूस झोपलेला नसतो, आपल्याच विचारात बुडालेला असतो. म्हणजे नुसत्या शब्दावरून माणसाला काय झाले आहे ते कळते.

आपल्या घरांतून उर्दू, दखनी बोलतात. तिथेही 'नींद' वेगळी आणि 'ऊंघ' वेगळी. आयतुल कुर्सी आपल्या लहान मुलांनाही पाठ असते. तिच्यात 'सिना' आणि 'नौम' असे दोन शब्द आहेत. सिना म्हणजे पेंग, नौम म्हणजे झोप. अल्लाहला या दोन्ही नाहीत. आपल्याला दोन्ही आहेत, आणि त्यांतला फरक ओळखणे हे शिक्षकाचे काम आहे.

ते काम माझ्या हातून एकदा झाले नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या आठवीच्या वर्गात एक मुलगा दुसऱ्या तासालाच बाकावर डोके टेकायचा. एके दिवशी मी त्याला सर्वांसमक्ष 'कुंभकर्ण' म्हणालो. वर्ग हसला. मधल्या सुट्टीत सगळे त्याला त्याच नावाने हाका मारू लागले. पुढे चार दिवस तो आलाच नाही, म्हणून मी भवानी पेठेत त्याच्या घरी गेलो. वडिलांची फळांची हातगाडी होती. हा मुलगा पहाटे चारला त्यांच्याबरोबर गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जाई, पेट्या उचली आणि तिथून परस्पर सातच्या शाळेला येई. आई उंबऱ्यात उभी राहून एवढेच म्हणाली, "सर, वो सोता नहीं, ऊंघता है."

मी बी.ए., बी.एड. झालेला माणूस. मराठीतला 'पेंग' हा शब्द मला त्या माऊलीने शिकवला. मी मुलाची माफी मागितली, वर्गातही मागितली. वडिलांशी बोलून शाळेच्या दिवशी त्याला साडेपाचपर्यंत झोपू द्यायचे ठरले. पण ते नाव त्याला शाळा सोडेपर्यंत चिकटले, ते काही मला पुसता आले नाही.

निद्रातज्ज्ञांच्या अमेरिकेतील संस्थेने 2016 साली सांगितले की 6 ते 12 वर्षांच्या मुलांना रोज 9 ते 12 तास आणि 13 ते 18 वर्षांच्या मुलांना 8 ते 10 तास झोप हवी. मुलांची झोप पुरी होत नाही, हे ध्यानात घेऊन महाराष्ट्र शासनानेही फेब्रुवारी 2024 मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नयेत असा निर्णय केला. आठवीच्या मुलाची काळजी मात्र आपणच घ्यायची आहे. पालकांनो, रात्री अकरापर्यंत घरात टीव्ही चालू असेल आणि मुलाच्या हाती मोबाईल असेल, तर सकाळच्या पेंगेचा दोष एकट्या मुलाचा नाही. विद्यार्थी मित्रांनो, तुम्हीही प्रामाणिक राहा. पेंग आणि आळस यांतला फरक तुम्हाला आतून ठाऊक असतो. झोपेचे सोंग घेणाऱ्याला जागे करता येत नाही.

अशा मेळाव्यांतून 'आपला समाज झोपला आहे' असे वाक्य मी पुष्कळदा ऐकले आहे. पहाटे चारला उठणारा समाज झोपलेला कसा? तो थकून पेंगतो आहे. झोपलेल्याला हाक मारावी लागते. पेंगणाऱ्याच्या डोक्यावरचे ओझे थोडे उतरवावे लागते. शिष्यवृत्ती, अभ्यासिका, गरजू मुलाच्या फीची सोय, ही त्यासाठीची कामे आहेत, आणि ती करायला आपण सगळे इथे बसलो आहोत.

समर्थ रामदासांनी दासबोधात निद्रेवर एक अख्खा समास लिहिला आहे. त्याच्या पुढचाच समास श्रोत्यांच्या अवलक्षणांवर आहे. कोणाला डुलकी लागण्यापूर्वी मी थांबतो. खुदा हाफिज.