चांदीचे पाणी आणि पाचक गोळ्या
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. औषधांवर व्याख्यान देण्याचा माझा अधिकार नाही. पण घरात कोणाला कोणती गोळी केव्हा द्यायची, हे आपणच पाहतो. म्हणून हा विषय घेतला. हल्ली आपल्या रेणापुरातही ओळखीपाळखीने बाटल्या व गोळ्या दारी येतात. "नैसर्गिक आहे, अपाय नाही," एवढे ऐकले की आपण पैसे काढून देतो.

चांदी आपल्याला परकी नाही. बाळाच्या पायांत वाळे, आपल्या पायांत जोडवी. पण अंगावरची चांदी वेगळी आणि पोटातली वेगळी. 'कोलॉयडल सिल्व्हर' म्हणजे चांदीचे अतिसूक्ष्म कण मिसळलेले पाणी. शरीराला चांदीची मुळीच गरज नाही. ते पाणी नित्य घेतले तर चांदी कातडीत साठते आणि उन्हाने कातडी निळसर करडी पडते. पाणी सोडले तरी तो रंग सहसा जात नाही. अमेरिकेतील पॉल कॅरासन या गृहस्थांचा चेहरा असाच निळा झाला होता. 2013 साली ते वारले तोपर्यंत तो तसाच होता. तिकडच्या सरकारी औषध खात्याने 1999 सालीच ठरवले, की अशी औषधे सुरक्षित व गुणकारी मानता येत नाहीत. शिवाय चांदीमुळे थायरॉईडची गोळी आणि काही जंतुनाशक औषधे अंगी लागत नाहीत. भाजल्यावर डॉक्टर चांदीयुक्त मलम लावतात, ते वरून लावण्याचे; पिण्याचे नव्हे.

आता एन्झाइमच्या गोळ्या. एन्झाइम म्हणजे पाचक द्रव्य. मटण लवकर शिजावे म्हणून कच्च्या पपईचा तुकडा घालतात ना? त्या चिकातले 'पपेन' आणि अननसातले 'ब्रोमेलेन' या गोळ्यांत असते. काहींत जनावराच्या, बहुधा डुकराच्या, स्वादुपिंडाचा अर्क असतो. शाकाहारी बहिणींनी हे जाणून घ्यावे. स्वादुपिंडाच्या आजारात डॉक्टर हा अर्क मुद्दाम देतात, तेव्हा तो जरूर घ्यावा. पण मनाने घेतलेल्या गोळ्यांनी कोणाला पोटदुखी व जुलाब होतात, कोणाच्या अंगावर पित्त उठते. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर ब्रोमेलेनसारख्या गोळीने रक्तस्राव वाढण्याचा धोका असतो. गरोदर बाईने तर विचारल्यावाचून काहीच घेऊ नये.

मधुमेह बरा करतो अशी औषधाची जाहिरात करण्यास 1954 च्या कायद्याने बंदी आहे. तरीही तोंडी प्रचार चालतोच. त्याला भुलून साखरेची किंवा रक्तदाबाची गोळी बंद करणे, हा सर्वांत मोठा धोका. चांदी हळूहळू साठते. पण वाढलेली साखर आणि रक्तदाब तोवर थांबत नाहीत.

म्हणून माझी तीन मागणी आहेत. लेबल नसलेली बाटली घरात घेऊ नका. पूरक आहाराच्या डब्यावर 'औषधी उपयोगासाठी नाही' असे इंग्रजीत छापलेले असते, ते मुलांकडून वाचून घ्या. आणि दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या, बाटल्या, चूर्णे पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका.

निसर्गात तुळस आहे तसा धोतराही आहे. एवढे ध्यानात ठेवावे, ही विनंती करून मी आपली रजा घेते.