लाइव्ह जाण्याआधी

२६/११ च्या वेळी मी अकरा वर्षांची होते. ठाण्यात आमच्या घरी तीन दिवस टीव्ही बंदच झाला नाही. २८ नोव्हेंबर २००८ ला सकाळी नरिमन हाऊसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून कमांडो उतरताना आम्ही लाइव्ह पाहिले. तेव्हा भारी वाटलं होतं, खोटं कशाला बोलू!

पुढे कळलं, पाकिस्तानात बसून दहशतवाद्यांना फोनवर सूचना देणारेही तोच टीव्ही बघत होते. २०१२ मध्ये कसाबचं अपील फेटाळताना सुप्रीम कोर्टाने वाहिन्यांवर कडक ताशेरे ओढले. ही दृश्यं कारवाई संपल्यावरही दाखवता आली असती, पण मग टीआरपी वाढला नसता, असा त्याचा रोख होता. २०१५ मध्ये नियमच आला: दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना लाइव्ह प्रक्षेपण नाही, नेमलेला अधिकारी वेळोवेळी सांगेल तेवढंच दाखवायचं.

पण हा नियम वाहिन्यांना. आपल्या फोनचं काय? मे २०२५ मध्ये भारत-पाक संघर्षाच्या त्या रात्री 'कराची बंदर उद्ध्वस्त' ही टीव्हीवरची बातमी मी फॅमिली ग्रुपवर टाकली. ती खोटी निघाली. माझा मावसभाऊ सैन्यात आहे. आता मोठं युद्ध पेटणार म्हणून मावशी रात्रभर जागी होती. सकाळी तिने एवढंच विचारलं, "बाळा, तू खात्री केली होतीस ना गं?"

ऑफिसमध्ये टेस्ट न केलेला कोड मी कधीच लाइव्ह करत नाही. बातमी मात्र केली. तुम्ही करू नका. थांबा, सकाळपर्यंत थांबा. भेटू पुढच्या भागात.