परळची बारी

मी चौथी शिकलेला माणूस, भोगलं तेच सांगतो.

त्या आषाढात दिंडी वाटेला लागली आणि आम्ही कारभारणीला (ती बघा, तुळशीवाल्या बायांत बसलीय) घेऊन मुंबईला गेलो. घशात गाठ. दवाखाना परळला, मुक्काम दादरला गाडगेबाबांच्या नावाच्या धर्मशाळेत. बाबा १९५६ साली गेले, पण गावाकडच्या रोग्याला त्यांच्या नावानं अजून छप्पर मिळतं.

तिसऱ्या दिवशी नंबर येईना म्हणून मी पोरावर खेकसलो, चारचौघांत. त्याचा रात्रभर डोळा लागला नव्हता. ही हळूच म्हणाली, "पंढरीला बारीत वीस-वीस तास उभं राहता, तिथं कुणावर वरडला न्हाई. हितं चार तासांत तोल गेला?"

धीरावर मी दोन-दोन तास कीर्तन करतो, मंडळी. त्या बाकड्यावर एक शब्द सुचला नाही.

एकादशीला पोरगा म्हणाला, "आबा, वडाळ्याच्या विठोबाला जाऊन या, आईजवळ मी हाय." मी त्यालाच धाडलं. सांजेला हिच्या उशाशी हरिपाठ धरला. शेजारचा बिहारचा पेशंट, अर्थ कळत नव्हता तरी टाळी देत होता.

पोरगा रात्री बुक्का घेऊन आला. पहिला माझ्याच कपाळाला लावला.