मोबाईलची परीक्षा आपण घ्यायची

वडगाव निंबाळकरहून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय. उसाची खुरपणी, गाईच्या धारा, पोरांच्या शाळा यातून वेळ काढून आम्ही गटाच्या बैठकीत मोबाईलमधली नवी साधनं एकेक करून वापरून बघितली. त्यातलं कामाचं कोणतं आणि गोत्यात आणणारं कोणतं, ते आज सांगतो.

आधी शोधायचं बघू. गूगलवर मराठीत बोलून शोधायची सोय २०१७ पासून आहे. एकदा सेटिंगमध्ये भाषा मराठी करायची, मग माईकच्या खुणेवर बोट ठेवून बोलायचं. लिहायला-वाचायला अवघड जातं त्यांनाही हे जमतं. आम्ही आपल्या भागातला प्रश्न घेतला. गाईला दगडी होते ना, तोच. नुसतं ‘दगडी’ म्हटलं, तर ‘दगडी चाळ’ सिनेमा पुढे आला! सगळ्या पोट धरून हसलो. मग लक्षणं सांगितली: ‘गाईची कास सुजली, दुधात गाठी येतात.’ लगेच उपयोगाची माहिती आली. पुस्तकात याला कासदाह किंवा स्तनदाह म्हणतात, हेही कळलं. तो शब्द टाकला की माहिती आणखी नेमकी मिळते. तेव्हा आपला शब्द चालला नाही, तर हार मानू नका. काय दिसतंय, काय दुखतंय, ते सविस्तर सांगा.

उत्तर आलं, की ते कोण देतंय ते बघायचं. कृषी विज्ञान केंद्र किंवा पशुवैद्यकीय महाविद्यालय सांगतंय, की औषध विकणारा? वर ‘प्रायोजित’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असेल, तर ती पैसे देऊन लावलेली जाहिरात असते. हल्ली काही ठिकाणी यंत्रानं तयार केलेलं उत्तर सगळ्यात वर येतं. वाचायला ते गोड असतं, पण चुकूही शकतं. तोच प्रश्न दुसऱ्या शोधयंत्रावर टाकून ताडून बघा. आणि इंजेक्शन-औषध मात्र डॉक्टरांना विचारूनच.

सरकारी काम असेल, तर पत्ता आणखी नीट बघायचा. राज्य सरकारच्या संकेतस्थळाचा पत्ता बहुतेक ‘डॉट गव्ह डॉट इन’ असा संपतो. २०२५ मध्ये लाडक्या बहिणीची ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा तिच्या नावानं खोटी संकेतस्थळंही निघाली होती. महिन्याचे पंधराशे रुपये मिळावेत म्हणून आपण आधार क्रमांक टाकायचा, आणि तो जायचा भलत्याच माणसाकडे. बँकेचा किंवा गॅसचा फोन नंबरही शोधून काढू नका. पासबुकावर, पावतीवर छापलेला असतो, तोच लावा.

आता पॉडकास्ट. नाव नवं आहे, गोष्ट सोपी आहे. रेडिओवरचा कार्यक्रम नेटवर ठेवायचा, म्हणजे ज्याला जेव्हा वेळ मिळेल तेव्हा तो ऐकेल. आपल्या बारामतीत वसुंधरा वाहिनी आणि शारदा कृषी वाहिनी आहेत, तिकडे म्हसवडला माणदेशी तरंग आहे. पण सामुदायिक रेडिओचं यंत्र छोटं असतं. आवाज साधारण दहा-पंधरा किलोमीटर नीट जातो, पुढच्या वाडीवस्तीवर खरखर. शिवाय कार्यक्रम लागतो तेव्हा आपण शेतात, आणि आपल्याला सवड होते तेव्हा तो संपलेला. पॉडकास्टनं ही अडचण सुटते.

आम्ही फोनमधल्याच रेकॉर्डरवर दहा मिनिटांचं बोलणं करून बघितलं. पत्र्याच्या शेडमध्ये आवाज घुमतो. गोधड्या-अंथरुणं ठेवलेल्या खोलीत तोच आवाज स्वच्छ येतो. पंखा बंद, फोन फ्लाइट मोडवर म्हणजे मधेच कुणाचा कॉल नको, आणि फोन तोंडापासून वीतभर अंतरावर. नेहमीच्या एमपी-थ्रीमध्ये एका मिनिटाला साधारण १ एमबी लागतो. दहा मिनिटांचं बोलणं दहा एमबीत बसतं. ऐकायला वेगळं ॲप घ्या म्हटलं, की बायका कंटाळतात. गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकलं, की भाकरी थापता थापताही ऐकतात. ज्यांच्याकडे फोनच नाही त्यांच्यासाठी बैठकीत स्पीकर लावला.

एक मात्र ध्यानात ठेवा. ही ॲपं कायमची नसतात. गूगलचं पॉडकास्टचं ॲप २०२४ मध्ये बंदच झालं. म्हणून मूळ रेकॉर्डिंग मेमरी कार्डात आणि आणखी एका ठिकाणी जपून ठेवायचं.

आपला आवाज जपण्यासारखा आहे का, असं एकीनं विचारलं. तिला आम्ही जात्यावरच्या ओव्यांचं सांगितलं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. ‘परी’ या संकेतस्थळावर २०१७ पासून त्या वाचायला, ऐकायला मिळतात. दळताना गायलेलं आज जगभर ऐकलं जातं, मग आपलं बोलणं का नाही?

पण बाईचा आवाज गावात लगेच ओळखू येतो. घरातल्या दारूबद्दल, मारहाणीबद्दल कुणी बोलली आणि ते फिरत फिरत तिच्याच घरी पोचलं, तर तिला जगणं मुश्कील होईल. म्हणून आमच्या गटाचा नियम असा: रेकॉर्डिंगच्या आधी विचारायचं, झाल्यावर तिला ऐकवायचं, ती नको म्हणाली तर तिच्यासमोर पुसायचं. पाठवलेलं परत घेता येत नाही, म्हणून पाठवण्याआधीच थांबायचं.

शेवटी ॲपं. आमच्यात सगळ्यांना आवडलं ते ‘दामिनी’. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं ते बनवलंय. आपल्या जागेपासून २० आणि ४० किलोमीटरच्या घेऱ्यात विजेचा धोका असेल, तर ते सूचना देतं. वळवाच्या पावसात शेतात असणाऱ्या बाईला ही सूचना जिवाची आहे. ती आली की झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात जा. हे ॲप आपण कुठे आहोत ते विचारतं, आणि ते समजण्यासारखं आहे. जागा कळल्याशिवाय सूचना देणार कशी?

पण कर्ज देणारं ॲप आपल्या माहेरच्यांचे नंबर कशाला मागतं? हप्ता थकला, की त्या सगळ्यांना फोन करून अब्रू घालवायला. कर्जाच्या ॲपनं फोनमधले संपर्क, फोटो-फायली आणि कॉलची यादी बघायची नाही, असं रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्येच बजावलंय. मागितली, की ते ॲप काढून टाका. अडचण असेल तर आधी गटात बोला. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा बँकेच्या नावानं ‘एपीके’ फाईल आली, तर उघडू नका. पैसे गेलेच तर लाजत घरात बसू नका. लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एवढं करून बघा. प्रत्येकीनं आपल्या फोनमधलं एक ॲप उघडायचं आणि चार प्रश्न विचारायचे. हे कुणी बनवलं? आपल्याकडून काय मागतं? त्या कामाला ते खरंच लागतं का? आणि उद्या हे बंद पडलं, तर आपलं काय जाईल? उत्तरं वहीत लिहा. लिहिता येत नसेल, तर आवाजात नोंदवा आणि आम्हाला ऐकवा.