कॉलेजातलं कपाट आणि आपले दावे

(तालुक्याच्या युवा शिबिरात एका कार्यकर्तीने केलेले भाषण. बोलली तसेच ठेवले आहे, जागेसाठी थोडे कमी केले.)



मला सांगितलंय की कॉलेजवर बोल. म्हणजे बारावी होऊन पाच-सहा वर्षं गेली, लग्न झालं, पोर झालं, तरी परत नाव घालावं का, आणि घातलं तर तिथं जाऊन काय करावं. पाड्यावर याची दोन उत्तरं मिळतात. म्हातारे म्हणतात, शिकला तो गेला. ते खोटं नाही. आपल्यातले किती शिकले, मास्तर झाले, गार्ड झाले, आणि मग प्लॉटच्या मोर्चात कधी दिसले नाहीत. आपल्या वयाचे म्हणतात, आता काय उपयोग, नोकरीचं वय चाललं.

नोकरीचं जरा बाजूला ठेवू. आपल्या पाड्यांचे दावे प्रांताकडे पडून आहेत. बरेच पुराव्यापायी अडलेत. आणि पुराव्याला लागणारं कितीतरी कॉलेजच्या कपाटात पडून आहे, त्याला कोणी हात लावत नाही.

भूगोलाचं बघा. प्रॅक्टिकलला भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे असतात, टोपोशीट म्हणतात त्यांना. त्यात एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. दोन एकराचा प्लॉट त्यात दोन मिलिमीटरसुद्धा भरत नाही, म्हणून एकेकाची हद्द दाखवायला तो नकाशा चालायचा नाही. पण त्यात रंग असतात. हिरवा जंगलाचा, पिवळा लागवडीचा. आणि पाहणी कुठल्या साली झाली तेही छापलेलं असतं. जंगलाच्या आत, आपल्या पाड्याशेजारी पिवळा डाग दिसला आणि साल जुनं असलं, तर सरकारच्याच माणसानं सरकारच्याच कागदावर लिहून ठेवलंय की इथं तेव्हा शेती होती. २००६ च्या वनहक्क कायद्याचे जे २००८ चे नियम आहेत, त्यातल्या १३ व्या नियमात पुराव्यांची यादी आहे. त्यात सरकारी नकाशे आहेत. वर्गातली पोरं या नकाशावर देवळाची खूण, विहिरीची खूण पाठ करतात, पास व्हायला तेवढं पुरतं. आपण पिवळा डाग शोधायचा.

त्याच यादीत गॅझेटियरचंही नाव आहे. ठाणे जिल्ह्याचं १८८२ सालचं गॅझेटियर इंग्रजीत आहे, वारली, ठाकूर, काथोडी यांच्यावर त्यात मजकूर आहे. ज्याला इंग्रजी जमत नाही त्यानं सरांकडून एकेक पान समजून घ्यावं. सर लोकांना असलं कोणी विचारत नाही, त्यामुळे त्यांना बरंच वाटतं.

आता सेवेचं. कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजना असते, एनएसएस. १९६९ पासून चालू आहे. दोन वर्षांत २४० तास काम करायचं, आणि सात दिवसांचं शिबिर दत्तक गावात. बहुतेक पोरं सर्टिफिकेटसाठी येतात. गाव झाडायचं, भिंतीवर घोषणा लिहायच्या, रात्री नाटक, संपलं. आपल्या गावाला झाडू मारायला शहरातून माणूस कशाला पाहिजे, आपल्या बाया रोज मारतात. पण तासांचा विचार करा. पन्नास पोरं सात दिवस म्हणजे किती हात झाले! ते कुठं लावायचे हे ठरवताना आपलं माणूस आत बसलेलं पाहिजे.

आमच्या वेळी काय झालं ते सांगते. शिबिर हिवाळ्यात होतं. एका पाड्याच्या वरचा माळ पडीक आहे, तिथं झाडांसाठी पाचशे खड्डे मारायचे, असं ठरून आलं होतं. जागा फॉरेस्टवाल्यांनी दाखवलेली. मला तो माळ माहीत होता. अकरा घरांचे प्लॉट आहेत त्यावर. पहिली नागली, मग वरई, मग खुरासणी, आणि मग माळ विसावा घेतो. विसाव्याचं वर्ष होतं, बाहेरच्याला पडीकच दिसणार. मी सरांना म्हटलं, सर, आधी चालून बघू. त्यांना जुने बांध दाखवले, दावा दाखल केल्याच्या पोचपावत्या दाखवल्या. कायद्याचं कलम ४(५) वाचून दाखवलं, की दाव्याची पडताळणी पुरी होईस्तोवर कोणाला ताब्यातून काढता येत नाही. आणि रोपं लागली की ते काढल्यातच जमा, तिथं नांगर कसा घालणार? सर भले माणूस. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. अठरा वर्षांचं पोर त्यांना कुठून सांगणार? वयानं मोठ्या विद्यार्थ्याचा उपयोग मला तिथं कळला. गार्ड नाराज झाला, ते चालायचंच.

मग सात दिवस काय करायचं? ग्रामसभेनं सांगितलं, म्हाताऱ्यांचे जबाब लिहा. दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचा लेखी जबाब हाही नियम १३ मधला पुरावा आहे, आणि एकापेक्षा जास्त पुरावे लागतात. पोरांनी पहिल्या दिवशी वीस जबाब लिहिले. सगळे सारखे! म्हातारी सांगत होती, वरल्या मोहाखाली माझ्या सासऱ्याचा मांडव असायचा राखणीला. पोरगा लिहीत होता, "सदर व्यक्ती अनेक वर्षांपासून सदर जागी वास्तव्यास आहे." असे वीस कागद प्रांताच्या टेबलावर गेले तर तो म्हणेल, एकानं बसून खरडलेत. दुसऱ्या दिवशी पाड्यातल्या बाया पोरांशेजारी बसल्या. झाडाचं नाव लिही, ओहोळाचं नाव लिही, कोण कुणाच्या बांधाला होतं ते लिही. साल सांगता येत नसेल तर विचार, जव्हारचं संस्थान गेलं तेव्हा तू केवढा होतास? ते १९४८. बहात्तरच्या दुष्काळात या माळावर काय पिकलं? असे जबाब दिवसाला सातच झाले, पण एकासारखा दुसरा नव्हता.

आणखी एक बायांनीच पकडलं. पोरांनी दाव्याच्या यादीत नुसती पुरुषांची नावं उतरवली होती. कायद्यात नवरा-बायको दोघांच्या नावानं हक्क लिहिलाय, कलम ४(४). यादी परत लिहिली.

आता अडचणी. कॉलेज सुरू होतं तेव्हाच आवणी असते. हजेरी मागतात. मी पहिल्याच आठवड्यात सरांना सांगून ठेवलं की आवणीचे दिवस येणार नाही, बाकी चुकवणार नाही. आधी सांगितलं तर ऐकतात, न सांगता गैरहजर राहिलं तर आदिवासी पोरं अशीच म्हणून मोकळे होतात. वर्गात पोरं ताई म्हणतात, काही हसतात. आश्रमशाळेतून आलेली आपलीच काही पोरं वर्गात तोंड उघडत नाहीत, त्यांना शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला बसवा, मग ती तुमच्याबरोबर माळावर येतात.

ज्यांना रोज जाणं जमतच नाही त्यांना नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. बारावी नसलेल्यांसाठीही तिथं पूर्वतयारीचा अभ्यासक्रम आहे. पण एवढं लक्षात ठेवा, नकाशाचं कपाट घरी बसून मिळत नाही. एका पाड्यातून निदान एक जण तरी रोजच्या कॉलेजात पाहिजे.

यंदा जाणाऱ्यांची नावं आज जेवणानंतर लिहून घेऊ. शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला आणि मधल्या वर्षांचं प्रतिज्ञापत्र, हे तीन कागद आत्ताच लागा काढायला. मे महिन्यात शाळा बंद असते, दाखला एप्रिलातच आणा.