विरळणी पिकाची, लेकींची नव्हे
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



ज्वारीची विरळणी आपण करतो ती उरलेल्या ताटांना ओल पुरावी म्हणून. घरातही आपण तोच हिशेब लावला. जमीन थोडी, हुंडा मोठा, मग मुलगी नको! महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या. २०११ साली ८९४ उरल्या.

गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. १९९४ साली देशाचा कायदा आला. तरी आकडा घसरलाच.

१९७१ च्या कायद्याने ठरावीक कारणांसाठी गर्भपाताला परवानगी आहे. त्यासाठी बाईला गुन्हेगार ठरवू नका. गुन्हा आहे तो मुलगी हेरून काढून टाकण्याचा, आणि त्याची सुरुवात हुंड्याच्या बैठकीत होते.

२००५ पासून हिंदू वारसा कायद्याने वडिलोपार्जित जमिनीत लेकीचा हिस्सा लेकाइतकाच आहे. आपण मात्र तिच्याकडून हक्कसोड लिहून घेतो. जिला शेतात वाटा नाही, ती घराला ओझेच वाटणार.

कापसाचा भाव आपण हक्काने मागतो. मग लेकीचा हक्क कोणत्या तोंडाने बुडवायचा? आज घरी गेल्यावर एवढेच ठरवा: हुंडा नाही, आणि हक्कसोडीवर लेकीची सही मागणे नाही.