उघड्या मुखाने

(मंडळाच्या वार्षिकोत्सवात केलेले भाषण)



वार्षिकोत्सव म्हटला की अहवाल आलाच. सभा किती झाल्या, वर्गणी किती जमली, शिवणाच्या वर्गाला किती मुली आल्या, हे सारे चिटणीसबाईंनी चोख सांगितले. पण एक हिशेब असा आहे की तो कोणत्याच वहीत मांडता येत नाही. या वर्षभरात आपण स्वतः किती बदललो? देवाच्या सहवासात बसणाऱ्या बायका म्हणून आपली ओळख आहे. त्या सहवासाचे काही तेज आपल्या अंगावर आले का? या प्रश्नावर चार शब्द बोलण्याचे मी योजिले आहे.

यासाठी मी आधार घेते तो पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा, तिसऱ्या अध्यायातील अठराव्या ओवीचा. तिचा भावार्थ माझ्या शब्दांत सांगायचा तर असा : आपण सर्व जण मुखावरचे आच्छादन काढून प्रभूचे तेज आरशात दिसावे तसे पाहतो, आणि पाहता पाहता त्याच्याच रूपात पायरीपायरीने पालटत जातो, आणि हे काम प्रभूचा आत्मा करतो.

आरसा म्हणताच आपल्या डोळ्यांपुढे काचेचा आरसा येतो. पौलाच्या काळी तो धातूचा असे. काशाचा पत्रा घासून घासून इतका लखलखीत करीत की त्यात तोंड दिसावे. करिंथ शहर तर काशाच्या वस्तूंसाठी नावाजलेले होते. म्हणून हा दाखला तिथल्या लोकांना चटकन उमगला असेल. आपल्यालाही तो कठीण नाही. सणावाराला माळ्यावरची पितळी भांडी काढून चिंच लावून घासणे कोणाला ठाऊक नाही? घासलेला तांब्या दारात ठेवला की ऊन त्यावरून उसळते. तोच तांब्या अंधाऱ्या कोठीत ठेवा, कितीही घासलेला असो, त्याचा उजेड पडणार नाही. पितळेला स्वतःचा उजेड नसतो. ते फक्त उजेडासमोर असते, आणि स्वच्छ असते.

पौलाने मूळ ग्रीक भाषेत जो शब्द योजला त्याचे दोन अर्थ विद्वान सांगतात : एक, आरशात पाहणे, दुसरा, आरशाप्रमाणे प्रतिबिंब पाडणे. मला वाटते, बायकांनी या दोन अर्थांत निवड करण्याच्या भानगडीत पडूच नये. जी पाहते तीच दाखविते. आणि 'पालटणे' यासाठी जो शब्द तिथे आहे, तोच शब्द डोंगरावर प्रभू येशूचे रूप तेजस्वी झाले त्या वर्णनात मत्तय आणि मार्क यांनी वापरला आहे. रोमकरांस लिहिताना मन नवे होऊन पालटा असे पौल सांगतो, तिथेही तोच आहे. म्हणजे हा पालट वरवरचा, लुगडे बदलावे तसा नव्हे. आतले तेज बाहेर येणे, असा तो आहे.

आता ते मुखावरचे आच्छादन कोणते? त्यासाठी निर्गमाच्या चौतिसाव्या अध्यायात जावे लागते. मोशे सीनाय पर्वतावर चाळीस दिवस देवाजवळ राहून खाली उतरला, तेव्हा त्याचा चेहरा तेजाने झळकत होता. लोक जवळ यायला भ्याले, म्हणून तो तोंडावर आच्छादन घेई. या गोष्टीतले एक वाक्य फार मोलाचे आहे. आपला चेहरा झळकतो आहे हे मोशेला ठाऊकच नव्हते! खऱ्या तेजाची हीच खूण आहे, भगिनींनो. ते ज्याच्यावर असते त्याला दिसत नाही, शेजाऱ्याला दिसते. 'मी किती बदलले' असे जी सांगत फिरते, तिने आरसा उजेडाकडून काढून स्वतःकडे वळविला असे समजावे.

पौल या गोष्टीतून आणखी एक मर्म काढतो. ते तेज ओसरत जाणारे होते, आणि ओसरताना लोकांना दिसू नये म्हणूनही ते आच्छादन होते, असे तो सुचवितो. हे वाचताना मनाला जरा टोचते. आपल्याकडेही आच्छादने थोडी नाहीत. रविवारचे पांढरे लुगडे, पाठ झालेली गीते, सवयीने केलेली लांब प्रार्थना, वडिलांच्या किंवा आजोबांच्या वेळेपासूनचे ख्रिस्तीपण! यांतले काहीच वाईट नाही. पण आतले तेज ओसरले हे झाकण्यासाठी आपण त्यांचा पदर पुढे ओढला, तर मात्र तेच आच्छादन होते.

या बाबतीत आपल्या महाराष्ट्रातल्या दोन बायकांची चरित्रे मला नेहमी उपयोगी वाटतात.

पहिल्या पंडिता रमाबाई. यांचा जन्म 1858 सालचा. आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या दिवसांत गेली, पुढे भाऊ गेला, आणि लग्नाला दोन वर्षे होतात न होतात तोच 1882 साली वैधव्य आले. दुसऱ्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींनी त्यांना लंडनमधल्या फुलम येथे नेऊन पतित स्त्रियांसाठी चालविलेले काम दाखविले. जगाने उंबऱ्याबाहेर घातलेल्या बायकांना तिथे प्रेमाने सांभाळीत होते. हे कशामुळे होते, असे रमाबाईंनी विचारले. तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यात आली. रमाबाईंसारख्या विदुषीला वादविवाद काही नवे नव्हते; पण त्यांचे मन हलविले ते या दृश्याने. प्रभूचे तेज त्यांना आधी माणसांच्या वागण्यात दिसले, आणि मग त्या ग्रंथाकडे वळल्या. त्याच वर्षी, 1883 साली, त्यांचा बाप्तिस्मा झाला.

कोणी म्हणेल, झाले, पालट पुरा झाला. पण रमाबाई स्वतःच तसे म्हणत नाहीत. आपल्या साक्षीत त्यांनी स्पष्ट लिहून ठेविले आहे की, मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, परंतु त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त तो सापडला नव्हता, अशा अर्थाचे. तो सापडला असे त्या म्हणतात ते 1891 सालाबद्दल, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी! त्या वेळी त्या पुण्यात शारदा सदन चालवीत होत्या, त्यांचे नाव देशोदेशी झाले होते. एवढ्या नावलौकिकाच्या बाईने 'मला अजून मिळाले नव्हते' असे लिहावे, यालाच मी आच्छादन काढणे म्हणते.

त्यानंतरचे काम साऱ्यांना ठाऊक आहे. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या. उपाशीपोटी रानोमाळ हिंडणे काय असते हे त्यांनी पोरवयात भोगले होते. सुमारे तीनशे मुलीबाळींना त्यांनी केडगावला आणले, आणि तिथे मुक्ति सदन उभे राहिले. समाजाने टाकलेल्या बायकांसाठी तिथे कृपासदन निघाले. फुलमला पाहिलेले तेज केडगावला परावर्तित झाले ते असे. पुढे त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर हाती घेतले, ते साध्या बाईमाणसाला कळावे म्हणून. आणि ते छापायला मुक्तीच्याच छापखान्यात बायकांचे हात लागले. 1921 साली एकुलती एक कन्या मनोरमाबाई गेली. आणि 1922 च्या एप्रिलात रमाबाईही गेल्या. दुःखे टळली नाहीत. पण त्या दुःखांचा उपयोग दुसऱ्याचे दुःख ओळखण्याकडे झाला.

दुसऱ्या लक्ष्मीबाई टिळक. पती नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, तो त्यांना वज्राघातच वाटला. काही वर्षे ताटातुटीत गेली. पुढे पतीजवळ राहायला आल्या त्याही सोवळे बरोबर घेऊनच! 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यांना ठाऊक आहे की ते सोवळे काही एका दिवसात सुटले नाही. आधी एक गाठ सैल झाली, मग दुसरी. बाप्तिस्मा झाला तो 1900 साली. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईने टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुढे स्वतः पुरे केले.

या दोघी एकमेकींसारख्या मुळीच नव्हत्या. एक शास्त्र मुखोद्गत असलेली, गंभीर. दुसरी मिस्कील, फटकन बोलणारी, स्वतःवरही हसणारी. लक्ष्मीबाईंचा विनोद बाप्तिस्म्याने गेला नाही, उलट तो निवळला. म्हणून मी तरुण मुलींना सांगते, देवाला आपण सगळ्या एका साच्यातल्या नको आहोत. ऊन एकच असते. ताटावर ते निराळे चमकते, पळीवर निराळे.

आणि दोघींचाही पालट सावकाश झाला हे ध्यानात ठेवा. सुनेवर अजून तोंड सुटते, जावेचे बरे पाहवत नाही, म्हणून कोणी भगिनी मनात निराश झाली असेल, तर तिने घाबरू नये. पायरीपायरीने, असेच शास्त्र सांगते. मात्र पायरी चढत राहिले पाहिजे. पायरीवरच वळकटी पसरून निजता येणार नाही.

शेवटी आरशाचीच एक गोष्ट सांगते. ती निर्गमाच्या अडतिसाव्या अध्यायात एका ओवीत आली आहे, आणि वाचताना सहज नजरेतून सुटते. दर्शनमंडपाच्या दारापाशी सेवा करणाऱ्या काही स्त्रिया होत्या. त्यांची नावे दिलेली नाहीत. त्यांनी आपले धातूचे आरसे देऊन टाकले, आणि त्या आरशांचे एक गंगाळ घडविण्यात आले. मंडपात जाण्यापूर्वी याजक त्या गंगाळातल्या पाण्याने हातपाय धूत. रानावनातल्या त्या प्रवासात बाईजवळ हौसेची वस्तू ती किती असणार! तीच त्यांनी दिली. ज्यात आपले तोंड पाहायचे, त्याचे असे भांडे झाले की त्यामुळे दुसऱ्याला निर्मळ होऊन देवापुढे जाता यावे.

आपले मंडळ हे असे गंगाळ व्हावे, एवढीच माझी इच्छा आहे. आज या सतरंजीवर आपण दाटीवाटीने बसलो आहोत याचा आनंद आहे. पण घरी जाताना प्रत्येकीने मनाशी विचारावे, आपल्या आळीतली कोणती बाई या सतरंजीवर नाही? नवऱ्याने टाकलेली? दारुड्याची बायको? जिच्याविषयी चार तोंडांनी चार गोष्टी बोलल्या जातात ती? तिला बोलावणे गेले नाही, की गेले आणि आपल्या नजरा पाहून ती आली नाही? विहिरीवर भर दुपारी एकटी आलेल्या बाईशी प्रभू स्वतः बोलला. त्याचे तेज आपल्यावर पडले असेल तर ते प्रथम अशाच बाईला दिसेल. तिला दिसले नाही, तर आपण किती गीते गायिली याला फारसा अर्थ उरत नाही.

पुढच्या वार्षिकोत्सवाच्या अहवालात या गोष्टीचा आकडा येऊ नये. तो मिरविण्याचा नाही. पण सतरंजीवर एखादी नवी बाई निःसंकोच बसलेली दिसली, तर तेवढ्यावरून आपल्याला समजेल.

 प्रभू आपणां सर्वांना उघड्या मुखाने त्याच्याकडे पाहत राहण्याची कृपा देवो, असे म्हणून मी आपली रजा घेते.